आकडे आधी डोळ्यांनी पाहावेत



वसंतातल्या या व्याख्यानपीठावरून एका यंत्राच्या खरेदीविषयी बोलावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु ज्यांची मुले आपल्याकडील आय. बी. शाळांत शिकतात, किंवा ज्यांची नातवंडे अमेरिकेत हायस्कुलात आहेत, त्यांना हा प्रश्न घरचाच आहे. मुलाने संख्याशास्त्र घेतले की साहित्याच्या यादीत 'ग्राफिंग कॅल्क्युलेटर' येतो, आणि त्याची किंमत ऐकून वडीलमंडळी गप्प होतात. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही. तेथे लॉगॅरिथमच्या कोष्टकावर भागते. मग आलेख काढणारे हे यंत्र हवे तरी कशाला? कोणते घ्यावे हे ठरविण्यापूर्वी याचा उलगडा झाला पाहिजे.

१९७३ साली फ्रान्सिस ॲन्सकॉम्ब या संख्याशास्त्रज्ञाने आकड्यांचे चार संच प्रसिद्ध केले. प्रत्येक संचात ११ जोड्या. चारही संचांत पहिल्या राशीची सरासरी ९ आणि दुसरीची ७.५, सहसंबंध सुमारे ०.८२, आणि सर्वांना जुळणारी सरळ रेषाही जवळजवळ एकच. केवळ उत्तरे पाहणारा म्हणेल, हे चौघे जुळे भाऊ आहेत. पण आलेख काढा! पहिल्यात ठिपके रेषेच्या आसपास विखुरलेले दिसतात. दुसऱ्यात ते सरळ चालतच नाहीत, कमानीसारखे वळतात. तिसऱ्यात एक ठिपका सोडून बाकीचे सारे एका ओळीत उभे आहेत. चौथ्यात तर एकाच दूरच्या ठिपक्याने सगळी रेषा आपल्याकडे ओढून घेतली आहे. जे गणिताने सांगितले नाही, ते डोळ्यांनी सांगितले. आलेखी यंत्राचे खरे मोल हेच होय. बेरजा तर साधे यंत्रही करते.

आता निवडीकडे वळू. पहिली कसोटी परीक्षेच्या नियमाची. आय. बी.च्या परीक्षेत आलेखी यंत्र चालते, पण अक्षरांतली बीजगणिताची समीकरणे स्वतः सोडविणारे यंत्र, ज्याला 'कॅस' म्हणतात, ते चालत नाही. टीआय-एनस्पायर हे यंत्र दोन्ही रूपांत मिळते. नावापुढची ती तीन अक्षरे न पाहता महागडे ते चांगले म्हणून घेतले, तर परीक्षेच्या दिवशी ते बाहेर ठेवावे लागेल. अमेरिकेतील ए. पी. संख्याशास्त्राच्या परीक्षेत २०२५ पासून संगणकाच्या पडद्यावरच डेस्मॉस हे आलेखयंत्र दिलेले असते. घरी सरावालाही ते फुकट मिळते. तेव्हा तेथील पालकांनी, वेगळे यंत्र घ्यायलाच हवे का, हे शिक्षकांना आधी विचारावे.

दुसरी कसोटी वर्गाची. शिक्षक जे यंत्र फळ्याजवळ उभे राहून दाखवितात, तेच मुलाच्या हाती असावे. टीआय-८४ अमेरिकेतील वर्गांत फार रूढ आहे. कॅसिओची एफएक्स-९७५०सारखी यंत्रे सामान्यतः पुष्कळच स्वस्त पडतात आणि शालेय संख्याशास्त्राचे काम तीही करतात. पण कळांची मांडणी निराळी असल्याने वर्गात एकट्याच मुलाची धांदल उडते.

तिसरी कसोटी कामाची. आकड्यांच्या याद्या भरता याव्यात. ठिपक्यांचा आलेख, स्तंभालेख व पेटी-आलेख काढता यावेत. प्रसामान्य वितरणाची संभाव्यता आणि नेहमीच्या सांख्यिकी चाचण्या यंत्रात असाव्यात. एवढे असले की पुरे. रंगीत पडदा ही चैन आहे. नीट चालणारे जुने यंत्रही निःसंकोच घ्यावे.

मात्र यंत्र उत्तर देते, अर्थ देत नाही. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे टीआय-८४मध्ये भरा. सरासरी ५ येईल, आणि प्रमाण विचलनाची दोन उत्तरे येतील : एक २, दुसरे सुमारे २.१४. दोन्ही बरोबरच. हे आठच आकडे म्हणजे सगळा समूह असेल, तर वर्गांच्या बेरजेला ८ ने भागायचे. मोठ्या समूहातून उचललेला तो नमुना असेल, तर ७ ने. यातले कोणते घ्यावे, हे सांगणारी कळ कोणत्याही यंत्रावर नाही. ते ज्याने त्याने, आकडे कोठून आले हे विचारून ठरवायचे असते.

हीच मुले उद्या औषधाचा गुण येतो की नाही, धरणात पाणी किती येईल, हे आकड्यांवरून सांगणार आहेत, आणि त्यांच्या शब्दावर आपण विसंबणार आहोत. म्हणून यंत्र घरी आणाल त्या संध्याकाळी मुलाजवळ बसा. घरातली विजेची बारा महिन्यांची बिले काढा, आकडे भरू द्या, आणि सरासरीची कळ दाबण्याआधी म्हणा, "बाळ, आधी आलेख काढून दाखव बरं." एवढी सवय लागली, तर यंत्राचे पैसे फिटले असे आम्ही समजू.