श्वासाचे दोन घाट

डोंबिवलीच्या एका वाचक आईचं पत्र आलं आहे. मुलगा सातवीत. शाळेत परिपाठानंतर दहा मिनिटं डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगतात. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही. पण आता सोसायटीच्या ग्रुपवर ‘किड्स माइंडफुलनेस’च्या क्लासची जाहिरात फिरते आहे. एकाग्रता वाढेल, चिडचिड कमी होईल, मेंदूला जास्त ऑक्सिजन मिळेल आणि ओघाने मार्कही वाढतील! फी बरीच आहे. घालावं का मुलाला?

प्रश्न डोंबिवलीहून आला हे छानच झालं. तिथून दोन स्टेशनांवर कल्याण, आणि कल्याणला लोहमार्ग फुटतो. एक फाटा कसाऱ्याकडे जातो, थळ घाट चढून इगतपुरीला पोचतो. दुसरा कर्जतवरून बोर घाट चढून लोणावळ्याला. गंमत अशी, की दोन्ही घाटांच्या माथ्यावर श्वासाचा अभ्यास करणारी एकेक संस्था आहे.

इगतपुरीला धम्मगिरी. सत्यनारायण गोएंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीत विपश्यनेची शिबिरं भरू लागली. मुलांना शिकवतात ते आनापान. नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास फक्त पाहायचा, त्याला वळण लावायचं नाही. राज्याच्या शिक्षण विभागाने ‘मित्र’ उपक्रमातून हेच शाळांमध्ये नेलं. पत्रातली दहा मिनिटं बहुधा तिथूनच आली असावीत.

लोणावळ्याला मात्र मी जरा जास्त वेळ थांबणार आहे.

तिथे १९२४ साली जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद यांनी कैवल्यधाम उभारलं. संस्कृतचे व्यासंगी, बडोद्याला माणिकरावांच्या तालमीत तयार झालेले, अमळनेरला शिक्षक म्हणून राहिलेले. या माणसाला योगाबद्दल अपार श्रद्धा होती आणि तरीही मोजल्याशिवाय चैन पडत नसे. बस्तीच्या क्रियेत पाणी आतड्यात आपोआप वर कसं चढतं, हे कोडं त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक लावून सोडवलं. नौली करताना, म्हणजे पोटाचे स्नायू आवळून फिरवताना, मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबाखाली जातो आणि पाणी ओढलं जातं. (मुलांच्या विषयात आतडी कशाला, असं संपादक विचारतील. दोन ओळी थांबा.) १९२४ सालीच सुरू झालेल्या ‘योगमीमांसा’ या त्यांच्या नियतकालिकात असले प्रयोग छापून येत.

आता ऑक्सिजन. प्राणायामाने शरीराला जास्त ऑक्सिजन मिळतो, अशी समजूत तेव्हाही पक्की होती. योगाचा प्रचार करणाऱ्याला ती सोयीचीच. कुवलयानंदांनी मोजून पाहिलं आणि ती टिकत नाही, असं स्वतःच सांगितलं. प्राणायामाचं मोल दुसरीकडे शोधा, हे त्यांचं म्हणणं. निरोगी मुलाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन साध्या श्वासानेही जवळजवळ पूर्ण भरलेलं असतं, तिथे आणखी कोंबायला जागा नाही. उलट जोरजोरात श्वास घेतला तर कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. जाहिरातीतलं तिसरं आश्वासन असं लोणावळ्यातच निकाली निघालं होतं. माइंडफुलनेसचा इतिहास सांगताना १९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी सुरू केलेल्या वर्गांपासून सुरुवात करतात. कुवलयानंदांचं नाव त्यात क्वचित येतं, याचा मला राग आहे.

मग शांत वाटतं ते कशाने? मुलाला मनगटावर बोटं ठेवून नाडी धरायला सांगा आणि सावकाश श्वास घ्यायला-सोडायला लावा. श्वास घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना रेंगाळतात. जर्मन शरीरशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ साली याची नोंद केली होती. मोठ्या माणसाचं हृदय नुसतं स्वतःच्या तालावर सोडलं तर त्याचे मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके पडतील. व्हेगस मज्जातंतू त्याला आवरून धरतो. उतारावर रिक्षावाला ब्रेकवर पाय हलका ठेवून असतो, तसा. उच्छ्वासात तो पाय जरा दाबला जातो, श्वास घेताना सैल पडतो. हा फरक लहान वयात ठळक असतो, वयानुसार कमी होत जातो. म्हणून हा प्रयोग आजोबांपेक्षा नातवावर चांगला जमतो!

पण नाडी मंदावणं वेगळं आणि वर्षभराने मूल कमी उदास, कमी चिडकं असणं वेगळं. ते तपासायला ब्रिटनमध्ये ‘मिरियड’ नावाची मोठी चाचणी झाली. ११ ते १४ वयाची आठ हजारांवर मुलं, ऐंशीहून जास्त शाळा. निम्म्या शाळांत माइंडफुलनेसचे धडे, उरलेल्यांत भावनिक शिक्षणाचे नेहमीचेच तास. निकाल २०२२ साली आले. मुलांच्या मानसिक आरोग्यात माइंडफुलनेसने नेहमीच्या तासांपेक्षा जास्त काही साधलं नाही. आधीच मानसिक त्रासाकडे झुकलेल्या मुलांच्या बाबतीत किंचित उलट परिणामाची शंकाही आली. घरी सराव बहुतेकांनी केलाच नव्हता. सातवीतल्या मुलाला ओळखणाऱ्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. दिलासा मिळाला तो शिक्षकांना: त्यांचा थकवा काही काळ तरी कमी झाला.

हा निकाल आनापानाला जसाच्या तसा लावता येत नाही. ब्रिटनमधले धडे वेगळे, शाळा वेगळ्या. पण असा एक निकाल हाताशी असताना ‘चिडचिड कमी होईल’ असं छापायला धाडस लागतं.

तेव्हा बाई, शाळेतली दहा मिनिटं चालू द्या. फुकट आहेत, आणि सकाळच्या गोंगाटात वर्ग दहा मिनिटं गप्प बसतो हेही काही थोडं नाही. मुलाला डोळे मिटून बसल्यावर भीती वाटत असेल, नको ते विचार येत असतील, तर त्याला उठायची मुभा द्यायला शिक्षकांना सांगा. झोप उडाली असेल, शाळेचं नावच नको वाटत असेल, तर मात्र श्वासावर भागवू नका. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था १९९० पासून आहे, तिथे किंवा जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. आणि क्लासवाल्यांना फी भरण्याआधी विचारा, तुम्ही काय मोजलंत, कुणाशी तुलना करून? उत्तरात पुन्हा ऑक्सिजन आला, तर ते पैसे मुलाच्या पोहण्याच्या क्लासला लावा.