माल्ट व्हिस्कीचे आस्वादन व मूल्यमापन

माल्ट व्हिस्कीचे आस्वादन व मूल्यमापन म्हणजे मोड आणलेल्या सातूपासून बनवलेल्या आणि ओकच्या पिंपात मुरवलेल्या मद्याचा रंग, गंध, चव व घोटानंतर रेंगाळणारा परिणाम यांची क्रमवार तपासणी होय. पहिल्या पिंपातून काढून दुसऱ्या पिंपात पुन्हा मुरवलेल्या आणि मोजक्या बाटल्यांत विकल्या जाणाऱ्या व्हिस्कीच्या बाबतीत ही तपासणी विशेष महत्त्वाची ठरते. लेबलवरील पिंपाचे नाव, वय आणि बाटल्यांची संख्या यांवरून व्हिस्कीचा पूर्वेतिहास कळतो. तिची गुणवत्ता मात्र स्वतंत्रपणे तपासावी लागते. कोकण किनाऱ्यासारख्या उष्ण व दमट प्रदेशात मुरलेल्या व्हिस्कीला हे अधिकच लागू पडते.

संज्ञा

एकाच आसवनीत, केवळ मोड आणलेल्या सातूपासून तयार झालेल्या व्हिस्कीला सिंगल माल्ट म्हणतात. 'फिनिश' हा शब्द या क्षेत्रात दोन अर्थांनी वापरला जातो. लेबलवरील 'कास्क फिनिश' म्हणजे दुसऱ्या पिंपातील अंतिम मुरवण. आस्वादनाच्या टिपणातील 'फिनिश' म्हणजे घोट गिळल्यानंतर तोंडात टिकणारी चव. या लेखात पहिल्या अर्थी 'अंतिम मुरवण' व दुसऱ्या अर्थी 'शेष चव' हे शब्द वापरले आहेत.

इतिहास

स्कॉटलंडमधील बाल्वेनी आसवनीचे डेव्हिड स्टुअर्ट यांनी १९८०च्या दशकात अंतिम मुरवणीची पद्धत विकसित केली. १९९३ साली आलेल्या 'बाल्वेनी डबलवुड'मुळे ती सर्वपरिचित झाली. भारतात बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीजने २००४ साली ग्लासगो येथे आपली सिंगल माल्ट सादर केली. याच कंपनीच्या 'इंटरमीडिएट शेरी' या व्हिस्कीत बर्बन, शेरी आणि पुन्हा बर्बन असा पिंपांचा क्रम असतो. जॉन डिस्टिलरीजची दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथे तयार होणारी 'पॉल जॉन' ही सिंगल माल्ट २०१२ साली प्रथम ब्रिटनच्या बाजारात आली.

अमेरिकेत 'अमेरिकन सिंगल माल्ट' या वर्गाला १९ जानेवारी २०२५ पासून कायदेशीर व्याख्या मिळाली. त्यानुसार व्हिस्की पूर्णपणे मोड आणलेल्या सातूची, एकाच अमेरिकी आसवनीत ऊर्ध्वपातित केलेली आणि ७०० लिटरपर्यंतच्या ओक पिंपात मुरवलेली असावी लागते. बर्बनसाठी आतून जाळलेले नवे ओक पात्रच वापरावे लागते. अमेरिकन सिंगल माल्टसाठी वापरलेली पिंपेही चालतात. डेन्व्हर येथील स्ट्रॅनाहॅन्स आसवनीची 'स्नोफ्लेक' ही वेगवेगळ्या पिंपांत अंतिम मुरवण झालेल्या व्हिस्कींच्या मिश्रणाची वार्षिक मर्यादित आवृत्ती या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

पिंपाचे कार्य

ऊर्ध्वपातनानंतर मिळणारे मद्य रंगहीन असते. पिंपाचा आतील पृष्ठभाग भाजल्याने किंवा जाळल्याने लाकडातील घटकांचे विघटन होते आणि व्हॅनिला, लवंग व भाजलेल्या साखरेसारख्या गंधांची द्रव्ये तयार होतात. कोळशाचा थर मद्यातील गंधकयुक्त संयुगे काही प्रमाणात शोषून घेतो. त्याच वेळी लाकडाच्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि मद्याचे मंद ऑक्सिडीकरण होते.

बर्बनसाठी पिंप एकदाच वापरता येत असल्याने रिकामी पिंपे मोठ्या संख्येने उपलब्ध होतात आणि जगभरच्या माल्ट आसवनींकडे जातात. त्यांची क्षमता सुमारे २०० लिटर असते. शेरीच्या मोठ्या पिंपाची क्षमता सुमारे ५०० लिटर असून त्यातून मनुका, खजूर व अक्रोड यांची आठवण करून देणारे गंध येतात.

कोकण किनाऱ्यावरील मुरवण

महाराष्ट्राच्या उत्तर किनाऱ्यावरील डहाणू येथे साउथ सीज डिस्टिलरीजची, तर दक्षिणेस गोव्यात कुंकळ्ळी येथे वर उल्लेखिलेली माल्ट आसवनी आहे. या दोहोंच्या दरम्यान येणाऱ्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आचरा, मालवण व देवगड या भागांतही हवामान बहुतांशी असेच, वर्षभर उष्ण व दमट असते.

पिंपातील मद्याचा काही भाग दरवर्षी बाष्परूपाने उडून जातो. त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला सुमारे २ टक्के, तर गोव्यात सुमारे ८ टक्के मानली जाते. या दराने २०० लिटरच्या पिंपात सहा वर्षांनंतर स्कॉटलंडमध्ये सुमारे १७७ लिटर, तर गोव्यात सुमारे १२१ लिटर मद्य उरेल. उष्णतेमुळे लाकडातील द्रव्येही लवकर उतरतात. त्यामुळे 'सहा वर्षे' या आकड्याची दोन प्रदेशांत सरळ तुलना करता येत नाही. उष्ण प्रदेशात मुरवण अधिक लांबल्यास लाकडाचा तुरटपणा धान्याच्या चवीवर मात करतो. म्हणून येथे अंतिम मुरवणीचा काळ बेताने ठरवावा लागतो.

समुद्रकाठच्या व्हिस्कीला खारेपणा हवेतून येतो, असा समज आहे. मात्र मीठ बाष्पनशील नसल्याने ते या मार्गाने चव लागण्याइतके पिंपात जात नाही. पीटच्या धुरातील फिनॉलवर्गीय संयुगांमुळे समुद्राचा भास होऊ शकतो.

आस्वादनाची पद्धत

आस्वादनासाठी तळाशी फुगीर व तोंडाशी निमुळता पेला वापरतात. त्यात १५ ते २० मिलिलिटर व्हिस्की पुरेशी होते. मे महिन्यातील आचऱ्यासारख्या ठिकाणी खोलीचे तापमान ३० अंश सेल्सियसच्या वर गेल्यास मद्यार्काची वाफ नाकाला झोंबते आणि सूक्ष्म गंध दबतात. त्यामुळे सकाळची वेळ किंवा थंड खोली योग्य ठरते. तिखट जेवण, उदबत्ती, अत्तर व धूम्रपान आधी टाळतात.

१. रंग: पांढऱ्या कागदासमोर पेला धरून रंग पाहतात. काही देशांत कॅरमेल रंग मिसळण्यास परवानगी असल्याने गडद रंगावरून वय ठरवत नाहीत.

२. गंध: तोंड किंचित उघडे ठेवून पेला हळूहळू नाकाजवळ आणतात. काही मिनिटांच्या विश्रांतीनंतर पुन्हा गंध घेतात.

३. चव: छोटा घोट जिभेवर सर्वत्र फिरवतात. गोडी, आंबटपणा, कडवटपणा, तुरटपणा व घनता यांची नोंद करतात.

४. पाणी: थेंबाथेंबाने पाणी घालून गंध व चव पुन्हा तपासतात. ६० टक्के तीव्रतेच्या २० मिलिलिटर व्हिस्कीत १० मिलिलिटर पाणी घातल्यास तीव्रता सुमारे ४० टक्के होते. स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ साली संगणकीय प्रतिरूपाच्या आधारे दाखवले की, मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४५ टक्के किंवा त्याहून कमी असताना धुराच्या गंधाचे ग्वायकोल हे द्रव्य पृष्ठभागाजवळ राहते; तीव्र मद्यात ते आत दडून राहते.

५. शेष चव: घोटानंतर चव किती वेळ टिकते आणि ती कशी बदलते हे नोंदवतात. केवळ जळजळ दीर्घकाळ राहणे हा गुण मानला जात नाही.

गंधांची परिभाषा

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्कॉटलंडमधील संशोधकांनी व्हिस्कीच्या गंधांचे वर्गीकरण करणारे चक्र तयार केले. त्यातील अनेक उपमा पाश्चात्त्य आहारातील आहेत. गंध ओळखणे स्मृतीवर अवलंबून असल्याने आस्वादकाने आपल्या परिसरातील नेमके शब्द वापरणे अधिक उपयुक्त ठरते. कोकणातील वाचकाला ओळखीच्या काही गंधांचे रासायनिक मूळ असे:

• ओले खोबरे: ओकमधील लॅक्टोन, अमेरिकी ओकमध्ये यांचे प्रमाण अधिक असते.
• लवंग: युजेनॉल, प्रत्यक्ष लवंगेतही हेच द्रव्य असते.
• पिकलेले केळे: आंबवण्याच्या क्रियेत तयार होणारे आयसोअमिल ॲसिटेट.
• अननस: इथाइल ब्युटिरेट हे एस्टर.
• चुलीचा धूर: ग्वायकोल व तत्सम फिनॉल.
• विझलेली काडी किंवा नासलेले अंडे: गंधकयुक्त संयुगे, ती तीव्र असल्यास दोष मानला जातो.

अंतिम मुरवणीचे मूल्यमापन

अंतिम मुरवण यशस्वी झाली की नाही हे ठरवताना मुख्यतः तीन गोष्टी पाहतात. पहिली, दुसऱ्या पिंपाच्या गंधाखाली सातूची मूळ चव ओळखू येते का. दुसरी, दोन्ही पिंपांचे गुण एकजीव झाले आहेत की सुरुवातीला शेरीची गोडी व शेवटी कोरडे लाकूड असे वेगळे लागतात. तिसरी, आधीच्या मद्यातील उणीव झाकण्यासाठी पिंपाचा उपयोग झाला आहे का. पाणी घातल्यावर ही उणीव अनेकदा उघडी पडते.

पूर्वग्रह टाळण्यासाठी लेबल झाकून चाचणी घेतात. त्रिकोणी चाचणीत तीन पेले दिले जातात; दोहोंत एकच व्हिस्की आणि तिसऱ्यात वेगळी असते. केवळ अंदाजाने वेगळा पेला ओळखण्याची शक्यता एकतृतीयांश असते. बारा परीक्षकांपैकी किमान आठ जणांनी तो अचूक ओळखल्यास फरक योगायोगाचा नसल्याचे ५ टक्के सार्थकता पातळीवर मानले जाते. मूळ व्हिस्की आणि तिचीच अंतिम मुरवण झालेली आवृत्ती यांत असा फरक जाणवत नसेल, तर वाढीव किमतीला चवीचा आधार उरत नाही.

मर्यादित आवृत्ती

'मर्यादित आवृत्ती' या शब्दांमागे बाटल्यांची ठरावीक संख्या नसते. एकाच पिंपातील व्हिस्की असल्यास ही मर्यादा नैसर्गिक असते: वरील उदाहरणातील १२१ लिटर मद्य पाणी न मिसळता ७५० मिलिलिटरच्या बाटल्यांत भरल्यास सुमारे १६० बाटल्या होतात. तेच मद्य ५८ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर आणल्यास सुमारे २०० बाटल्या मिळतात. अनेक पिंपे एकत्र करून काढलेल्या आवृत्तीत संख्या निर्मात्याच्या निर्णयावर अवलंबून असते. दुर्मिळतेमुळे संग्राहकांच्या दृष्टीने मूल्य वाढते. आस्वादनाच्या गुणांकनात मात्र ती धरत नाहीत.

आरोग्य व कायदा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित नसल्याचे स्पष्ट केले. व्यावसायिक आस्वादक बहुतेक नमुने केवळ गंधावरून तपासतात आणि चाखलेले मद्य थुंकून टाकतात. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या मद्याच्या सेवनासाठी किमान वय २५ वर्षे असून महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमानुसार परवाना आवश्यक असतो.

हे सुद्धा पहा

• सिंगल माल्ट व्हिस्की
• ऊर्ध्वपातन
• फेणी
• आचरा