नाव व्हायला तीन दिवस, नाव राहायला?

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या कराडच्या घरी मिरजेची आपा, दुल्हेभाई आणि मुलं आली होती. शीरखुर्म्याच्या वाट्या अजून हातात होत्या, तेवढ्यात सोळा वर्षांचा भाचा मोबाइल नाचवत आला. "मामू, तीन दिवसांत दोन लाख!" शेजारच्या एका लग्नात त्याने गायलेलं गाणं कुणीतरी टिपलं होतं. ते त्याने आपल्या खात्यावर टाकलं आणि दोन लाख वेळा पाहिलं गेलं. नानींनी विचारलं, "दोन लाख रुपये?" सगळे हसले. पण तो प्रश्न पुढे महिनाभर आमच्या डोक्यात राहिला.

कारण आठच दिवसांत एका कंपनीचा फोन आला आणि मागोमाग करारनामा. पाच वर्षं मुलगा जे गाईल ते सगळं कंपनीचं, खात्याचा पासवर्ड कंपनीकडे आणि बदल्यात एकदाच पंधरा हजार रुपये. दुल्हेभाईंचा तो महिन्याचा पगार. सही करावी की नाही, हे विचारायला ते आमच्याकडे आले.

गाण्याबजावण्याविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत. त्या चर्चेत आम्ही इथे शिरत नाही. पण मोबाइल प्रत्येक घरात आहे आणि आपल्या मुलाचं नाव एका रात्रीत गावभर होऊ शकतं, हेही खरं आहे. अशा वेळी आई-बापांनी काय करावं? उत्तर शोधताना आम्हाला आमच्याच भागातली जुनी माणसं आठवली.

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. उत्तर प्रदेशातल्या कैराना गावी 1872 साली जन्मलेला हा गवय्या अखेर मिरजेचा झाला. त्यांच्या काळात नवीन यंत्र होतं ग्रामोफोन. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. तासभर चालणारं गाणं तेवढ्यात बसवायचं, ही कितीतरी गवयांना शिक्षा वाटे. खाँसाहेबांचा सूर मात्र त्या तीन मिनिटांतही पोहोचला. कर्नाटकातल्या गदगच्या एका मुलाने त्यांची तबकडी ऐकली आणि 1933 साली, अकराव्या वर्षी, गाणं शिकायला घर सोडलं. पुढे तो खाँसाहेबांचे शागीर्द सवाई गंधर्व यांच्याकडे शिकला. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी.

म्हणजे तीन मिनिटांचा तुकडा घरोघर पोहोचणं ही काही आजची नवलाई नाही. इन्स्टाग्रामने 2025 च्या जानेवारीत रीलची मर्यादा वाढवून तीन मिनिटं केली, तेव्हा ती नेमकी जुन्या तबकडीएवढी झाली! फरक इतकाच की तबकडी निघाली तेव्हा खाँसाहेबांच्या पाठीशी कित्येक वर्षांचा रियाज होता. 1937 साली पाँडिचेरीकडे जाताना वाटेत सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनवर त्यांचं निधन झालं. आज इतकी वर्षं झाली, तरी उरुसात त्यांच्या नावाने गायक-वादक मिरजेला हजेरी लावतात.

तबकडीनंतर रेडिओ आला. 1952 मध्ये आकाशवाणीने सिनेगीतांकडे पाठ फिरवली आणि रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. गाणं किती लोकप्रिय आहे हे तबकड्यांची विक्री आणि श्रोत्यांची मतं यांवर ठरे. त्यासाठी लोक पदराला खार लावून पत्रं पाठवत. एक पत्र म्हणजे पोस्टाची पेटी, तिकीट आणि कागदावर घालवलेली अर्धी संध्याकाळ. आज अंगठा हलला की एक 'पाहणं' मोजलं जातं, ऐकणाऱ्याने पुढचं ऐकलं की नाही, याला महत्त्व नाही.

उरुसातल्या कव्वालीच्या मुकाबल्यांचंही तसंच होतं. 'अल हिलाल' या 1958 च्या चित्रपटातल्या कव्वालीने इस्माईल आझाद देशभर गाजले. पण अशा कव्वालांची खरी परीक्षा रात्रभर बसलेल्या मैफलीतच होई. समोरचा श्रोता उठून गेला तर ते लगेच दिसायचं आणि खूश झाला तर तेही.

आमच्या सातारा जिल्ह्याचं उदाहरण घ्या. वाईजवळच्या पसरणी गावात 1923 साली जन्मलेले शाहीर साबळे पोटासाठी मुंबईत गिरणीत राबले आणि लोककलेतून वर आले. 'महाराष्ट्राची लोकधारा' त्यांनी गावोगाव नेली. त्यांनी गायलेलं महाराष्ट्र गीत 2023 मध्ये राज्यगीत झालं. त्याच वर्षी त्यांच्या जीवनावर त्यांचे नातू केदार शिंदे यांनी चित्रपट काढला. त्यातल्या 'बहरला हा मधुमास' या गाण्यावर रील करण्याची लाट आली. पण नाचणाऱ्यांपैकी किती जणांना शाहिरांचं गाव ठाऊक होतं? गाणं पोहोचलं, माणूस मागे राहिला. आजच्या प्रसिद्धीचं हे एक लक्षण आहे.

पण जुनं सगळं सोनं आणि नवं सगळं पितळ, असं आम्ही म्हणणार नाही. जुन्या काळी दारावर पहारा होता. कंपनीचा माणूस, रेडिओची चाचणी, सिनेमावाल्यांची ओळख. ज्याची पोच नाही त्याचा आवाज त्याच्या गल्लीतच विरायचा. किती चांगले गळे असे गेले असतील, कोण मोजणार? 2014 मध्ये कुर्ल्याच्या नावेद शेख या मुलाने, म्हणजे नेझीने, आयपॅडवर गाणं ध्वनिमुद्रित केलं, त्यावरच चित्रीकरण केलं आणि ते यूट्यूबवर टाकलं. पुढे 2019 चा 'गली बॉय' हा चित्रपट काही अंशी त्याच्या कहाणीवरून आला. पुण्याच्या झोपडपट्टीतून आलेला अल्ताफ, म्हणजे एम सी स्टॅन, 2023 मध्ये 'बिग बॉस' जिंकला. त्यांची भाषा, त्यांचे विषय सगळ्यांना रुचतील असं नाही. पण कुणाची शिफारस नसताना ही मुलं पुढे आली, हे मान्य करायलाच हवं.

मग धोका कुठे आहे? दार उघडलं, पण घर दुसऱ्याचंच राहिलं. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. त्या निर्णयाची कारणं वेगळी होती. पण ज्या खेड्यापाड्यांतल्या मुलामुलींनी तिथे लाखो चाहते मिळवले होते, त्यांची कमाई आणि ओळख एका रात्रीत गेली. तबकडी निदान कपाटात तरी राहायची.

पैशाचं गणितही नानींच्या प्रश्नाइतकंच सरळ आहे. दोन लाख वेळा पाहिलं म्हणजे दोन लाख रुपये नव्हेत. यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला आधी एक हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तासांचं पाहणं लागतं, किंवा छोट्या व्हिडिओंना नव्वद दिवसांत एक कोटी वेळा पाहिलं जावं लागतं. तोवर मेहनत तुमची आणि जाहिरातींची कमाई त्यांची.

या सगळ्यात आम्हाला नाझिया हसनची आठवण होते. आमच्या पिढीतल्या कितीतरी घरांत तिची कॅसेट होती. 1980 च्या 'कुर्बानी'तलं गाणं तिने गायलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती, म्हणजे आमच्या भाच्याच्याच वयाची. पुढच्याच वर्षी 'डिस्को दीवाने' आली आणि तिचं नाव देशोदेशी झालं. पण तिने शिक्षण सोडलं नाही, पुढे लंडनमध्ये कायद्याची पदवी घेतली. 2000 साली अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ती कर्करोगाने गेली. एवढ्या लहान वयात एवढं नाव होऊनही वही-पुस्तक हातातून सुटलं नाही, ही गोष्ट आम्ही भाच्याला सांगितली.

करारनामा आम्ही ओळखीच्या वकिलांना दाखवला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या वाचकांच्याही कामाच्या आहेत. एक, अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने टिकत नाही, म्हणून सही पालकाची मागतात आणि बांधले पालक जातात. दोन, 'सर्व हक्क', 'कायमचे' आणि 'फक्त आमच्यासाठी' हे शब्द दिसले की पेन खाली ठेवावं. तीन, कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क बळकट केला आहे. मूल स्वतः गाणं लिहीत असेल, चाल बांधत असेल, तर हे माहीत असायलाच हवं. आणि पासवर्ड? तो घराच्या किल्लीसारखा असतो. पाहुण्याला चहा द्यावा, किल्ली देऊ नये.

दुल्हेभाईंनी सही केली नाही. भाचा आठ दिवस कुणाशी बोलला नाही. "तुम्ही माझं नशीब घालवलं," असं तो आपाला म्हणाला. तिला ते लागलं आणि आम्हालाही. पंधरा हजार नाकारणं त्या घराला सोपं नव्हतं. आपण चुकलो तर नाही ना, असं रात्री कितीदा वाटून गेलं. मग त्याने दुसरं गाणं टाकलं. ते नऊशे जणांनी पाहिलं. तिसरं चारशे जणांनी. दोन लाख लोक कुठे गेले, हे त्याला कळेना. ते आलेच नव्हते, नुसते पुढून गेले होते.

पुढच्या खेपेला आम्ही त्याला मिरजेच्या सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे ओळीने वाळत पडले होते. भाच्याने एका बुजुर्ग कारागिरांना विचारलं, "चाचा, हे किती दिवस असेच पडून राहणार?" ते म्हणाले, "पुरा वाळल्याशिवाय हात लावत नाही बेटा. घाई केली तर तडकतो."

भाच्याने त्या दिवशी काही उत्तर दिलं नाही. पण परतताना त्याने आपाला विचारलं, मिरजेत गाणं शिकवणारे कोण आहेत. आता आठवड्यातून दोन दिवस तो शिकायला जातो. दहावी झाली, अकरावी चालू आहे. खातं चालू आहे, पासवर्ड दुल्हेभाईंकडे आहे. त्याचं नाव होईल की नाही, अल्लाह जाणे. झालं तर ते त्याचं स्वतःचं असावं, एवढीच आमची इच्छा आहे.