शिकलेलं पोर कारखान्याला हवं!



तोडलेला ऊस गव्हाणीपुढे ताटकळला की वजन घटते, उतारा पडतो; भुर्दंड आपल्यालाच! कोणती तोड कधी, गाड्या किती, हे गणित म्हणजेच व्यवस्थापनशास्त्र. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ‘पुम्बा’ विभागात त्याचे एम.बी.ए. दोन वर्षांत होते. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला सीईटी देता येते.

प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांच्या जोडीला अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ उभे राहिले. तेच १९६६ साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. म्हणजे विद्यापीठ अन् वावराचे नाते जुनेच.

पोरगी-पोरगा शिकून तिकडेच राहील, ही धास्ती आम्हालाही आहे. म्हणून उन्हाळी प्रकल्पासाठी त्यांना इथे बोलवू, वजनकाट्याच्या नोंदी हाती देऊ. आणि चूक दाखवली तर रागावणार नाही, ऐकून घेऊ!