‘लव्ह’चे ‘लफडे’ कोण करतो?

शिरूर तालुक्यातील केंदूर हे गाव एका पुरुषाने आपल्या आवडत्या स्त्रीला दिलेली भेट होती, हे आज किती जणांना ठाऊक आहे? पहिल्या बाजीराव पेशव्याने मस्तानीला जी तीन गावे इनाम दिली, ती पाबळ, लोणी आणि केंदूर. केंदूरपासून जवळच, पाबळला, तिची कबर आजही आहे. आजची पोरे गुलाबाचे फूल देतात, चॉकलेट देतात, फार झाले तर मोबाईलचा रिचार्ज मारून देतात. पेशव्याने गावे दिली. गाव देणे म्हणजे त्याचा वसूल देणे, आणि वसूल म्हटला की तो पिकवणारे कुणबी, राबणारे बलुतेदार, वेशीवर रात्र जागणारे महार हे सगळे आलेच. प्रेमाची इतकी महाग खूण शोधून सापडणार नाही. तिची किंमत मात्र देणाऱ्याने मोजली नाही, रयतेने मोजली.

पुण्याच्या कर्मठांनी मस्तानीला सून मानले नाही. तिच्या मुलाची मुंज होऊ दिली नाही. तोच मुलगा, समशेर बहादूर, १७६१ साली पानिपतच्या लढाईत पेशव्यांच्या बाजूने लढून प्राणास मुकला. पण काळ लोटला तशी त्या प्रकरणाची ‘प्रेमकहाणी’ झाली. कादंबऱ्या निघाल्या, २०१५ साली कोट्यवधी रुपयांचा हिंदी सिनेमा निघाला. त्याला कोणी लफडे म्हणत नाही. आमच्या वस्तीतल्या पोराने वर्गातल्या मुलीला चिठ्ठी दिली की मात्र गावभर तोंडी एकच शब्द : लफडे.

दरवर्षी फेब्रुवारी आला की संस्कृतीचे राखणदार जागे होतात. पोरांना इंग्रजी शब्दांनी बिघडवले, असे ते म्हणतात. सात तारखेपासून ‘रोज डे’, ‘प्रपोज डे’, ‘हग डे’ असा आठवडा चालतो आणि चौदाला व्हॅलेंटाईन उगवतो. सात फेब्रुवारी हा आमचा रमाई जयंतीचा दिवस. त्यामुळे आमचेही काही कार्यकर्ते या राखणदारांच्या सुरात सूर मिसळून पोरांना झापतात. आम्हाला हे पटत नाही. केंदूर, पाबळ, शिक्रापूरच्या एस.टी. थांब्यावर कॉलेजची पोरे-पोरी जे शब्द बोलतात ते ऐकावेत : लव्ह, क्रश, प्रपोज, ब्रेकअप, पॅचअप. हे शब्द त्यांनी चैन म्हणून घेतलेले नाहीत. मराठीने त्यांच्यासाठी काय शिल्लक ठेवले होते, ते आधी पाहावे.

‘प्रेम’ हा शब्द आहेच. पण तो देवासाठी राखीव. केंदूर हे वारकरी संत कान्हूराज पाठक यांचे गाव. तिथे भजनात प्रेम शब्द शंभर वेळा येईल आणि कोणाच्या कपाळावर आठी पडणार नाही. तोच शब्द कॉलेजच्या मुलीने उच्चारला की घरात रडारड. मग उरले संस्कृत पोथीतले शब्द : प्रणय, आलिंगन, चुंबन. हे कोणी कोणाला बोलून दाखवते काय? ‘मुका’ हा आमचा खरा शब्द, पण तो लेकराचा घ्यावा किंवा तमाशाच्या फडात ऐकावा. ‘किस’ म्हटले तर जुन्या बायांना उपासाचा बटाट्याचा कीस आठवतो, आणि त्या आपल्या भाबडेपणाने सुखी आहेत. यापलीकडे गावाने माणसाच्या या सर्वांत कोवळ्या भावनेसाठी जे शब्द घडवले ते असे : लफडे, भानगड, थेर, चाळे, नाद. एकही शब्द असा नाही की जो मुलीने मान वर करून स्वतःविषयी वापरावा.

लग्न झाल्यावर तरी भाषा मऊ होते काय? बायकोने नवऱ्याला म्हणायचे मालक, धनी, कारभारी. हे शब्द घरातले नव्हेत, वाड्यातले आहेत. जो शब्द जमीनदाराला, तोच नवऱ्याला. त्या तुलनेत ‘डिअर’ हा साधा इंग्रजी शब्द पाहा. तो नवरा बायकोला लिहू शकतो, बायको नवऱ्याला लिहू शकते, आणि कारकून साहेबालाही लिहितो. त्याला वर-खाली नाही.

आणखी एक गंमत. मराठी प्रेमाचे क्रियापद ‘मारणे’ हे आहे, हे कोणाच्या ध्यानात आले आहे काय? लाईन मारणे, डोळा मारणे, शिट्टी मारणे, घरावरून चकरा मारणे, मिस कॉल मारणे. मिठीसुद्धा मारलीच जाते. इंग्रजी ‘प्रपोज’ गावात आला तर त्यालाही काही पोरांनी ‘मारणे’ जोडून टाकले. या क्रियापदाकडे आम्ही पुन्हा येणार आहोत, तेव्हा गंमत राहणार नाही.

परक्या भाषेचा आडोसा आमच्या माणसाने प्रेमासाठी घेतला तो आज नव्हे. सावित्रीबाई फुले यांनी २९ ऑगस्ट १८६८ रोजी माहेरच्या नायगावहून जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात त्यांनी एक हकिकत कळवली आहे. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण गावोगाव पंचांग सांगत फिरे. त्याचे आणि शारजा नावाच्या महार मुलीचे प्रेम जमले, तिला दिवस गेले. गावाला हे कळताच लोकांनी दोघांना धरून मारहाण करीत गावातून फिरवले. त्यांना जिवे मारण्याचा बेत होता. सावित्रीबाई धावत गेल्या आणि इंग्रजी कायद्याने याचे परिणाम काय होतील हे सांगून त्यांनी जमावाला दटावले. जमाव वरमला. दोघांनी गाव सोडावे असे ठरले आणि सावित्रीबाईंनी त्यांना जोतीरावांकडे पाठवून दिले. पत्र वाचताना एक गोष्ट फार जाणवते. या बाईने त्या जोडप्याला उपदेश केलेला नाही. तुम्ही का केलेत, कसे केलेत, हा प्रश्नच नाही. जीव वाचवला आणि वाटेला लावले, बस. आज एकशे पन्नासहून अधिक वर्षांनी आमच्यातले किती पुढारी एवढे करतील?

त्याच सावित्रीबाईंच्या ‘काव्यफुले’ या १८५४ सालच्या संग्रहात इंग्रजी शिकण्याची हाक आहे. इंग्रजी म्हणजे केवळ नोकरीची भाषा, असा समज आम्ही करून घेतला. नायगावात तिने कायद्याच्या रूपाने दोन जीव वाचवले, हे विसरलो.

बाबासाहेबांचेच पाहा. रमाईचे निधन २७ मे १९३५ रोजी झाले. पुढे बाबासाहेबांनी पाकिस्तानच्या प्रश्नावरचा आपला इंग्रजी ग्रंथ तिच्या स्मृतीस अर्पण केला. जगातल्या राजकारण्यांसाठी लिहिलेल्या त्या रुक्ष विषयाच्या पुस्तकात अर्पणपत्रिकेत तिचे नाव आहे ते घरातले : रामू. तिच्या मनाच्या चांगुलपणाची आणि तिने सोसलेल्या दिवसांची कृतज्ञ आठवण त्यांनी तिथे ठेवली. इतके उघडे हळवेपण जगापुढे ठेवायला त्यांना ती भाषा अडचणीची वाटली नाही. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी दिल्लीत नोंदणी पद्धतीने विवाह केला. त्याआधीच्या पत्रांत ते त्यांना ‘शारू’ म्हणत आणि खाली ‘राजा’ अशी सही करीत. माईसाहेबांच्या ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ या १९९० सालच्या आत्मकथनात हे आलेले आहे. घटना लिहिणारा माणूस पत्राखाली राजा अशी सही करतो, हे वाचून आमच्यातल्या काहींना अवघडल्यासारखे होते. कशाला व्हावे? १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये जातीवरचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच होय असे त्यांनी मांडले. सहभोजनाने भागणार नाही, असेही सांगितले. आता विवाह म्हटला की आधी दोन माणसांनी एकमेकांना आवडावे लागते. एकमेकांना आवडण्यासाठी बोलावे लागते. बोलण्यासाठी शब्द लागतात. ते मराठीत लाजिरवाणे करून ठेवले म्हणून पोरांनी इंग्रजीतून आणले.

पण शब्दाने कुऱ्हाड अडत नाही. ‘डेट’ म्हणजे मुळात तारीख. आमच्या माणसाला तारीख ठाऊक आहे ती कोर्टाची. जानेवारी २०१३ मध्ये नेवासे तालुक्यातील सोनई येथे मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. त्यातल्या एकाचे सवर्ण मुलीवर प्रेम होते, आणि शौचालयाची टाकी साफ करण्याचे काम सांगून त्यांना बोलावून घेतले होते. जातीने दिलेले कामच सापळा झाले. त्या खटल्यात जानेवारी २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातील खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाला मारून झाडाला लटकवले. गुन्हा काय, तर मराठा समाजातील मुलीशी बोलला. इथे साक्षीदार फुटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. पहिला बाजीराव वारला तो दिवसही २८ एप्रिल, साल १७४०. त्याच्या प्रेमाचा सिनेमा निघाला. नितीनच्या बाबतीत तर प्रेम होते की नुसते बोलणे, हेही विचारायला गाव थांबले नाही. ‘मारणे’ हे क्रियापद इथे येते.

२०१६ च्या ‘सैराट’मध्ये इंग्रजीत सांगण्याची धमकी देते ती पाटलाची आर्ची, मासे धरणाऱ्या घरातला परशा नव्हे. नागराज मंजुळे यांनी हे जाणून केले असावे असे आम्हाला वाटते. इंग्रजीचा तोराही आधी वाड्यात जातो, मग वस्तीत येतो. शेवट कसा होतो ते सर्वांनी पाहिले आहे.

आता आमच्या पोरांशी थोडे बोलायचे आहे, आणि ते गोड नाही. शब्द उचललात तर अख्खा उचला. ‘प्रपोज’ म्हणजे प्रस्ताव मांडणे. ग्रामपंचायतीत ठराव मांडला की तो मंजूर होतो किंवा नामंजूर होतो. नामंजूर झाला म्हणून कोणी सभागृह पेटवत नाही. प्रपोज या शब्दाच्या पोटातच समोरच्याचे उत्तर आहे. ‘पटवणे’ या शब्दाच्या पोटात ते नाही. पटवणे म्हणजे शिकार. ती आज नाही तर उद्या पटेलच. सिनेमाने हेच शिकवले की मुलगी नाही म्हणाली तर आणखी मागे लागा. मराठीत ‘मागे लागणे’ हे चिकाटीचे कौतुकही होते, त्यामुळे पोराला आपण गुन्हा करतो हे कळतच नाही. कायद्याने मात्र याला २०१३ साली दंडविधानात ३५४-ड हे स्वतंत्र कलम केले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ७८ वे कलम आहे. ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भररस्त्यात पेटवून दिले गेले. आठवड्याने ती गेली. वर्तमानपत्रांनी छापले : ‘एकतर्फी प्रेमातून’. हा कसला शब्दप्रयोग? एक हात टाळी वाजवत नाही आणि एकतर्फी ते प्रेम नसते. ज्यांना आपल्या समाजातल्या मुलीवर कोणी वाकडी नजर टाकली की रक्त खवळते, त्यांनी स्वतःच्या मोबाईलमधले निरोप एकदा वाचून पाहावेत.

खरे तर जो शब्द सर्वांत आधी हवा होता, तो इंग्रजीतून आणायची गरजच नव्हती. जुन्या खरेदीखतात, फारखतीत पहिल्याच ओळींत लिहिलेले असते की, राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देतो. एका गुंठ्यासाठी राजीखुशी लागते. मुलीच्या लग्नाची बोलणी होताना हा शब्द कोणाच्या तोंडून ऐकला आहे काय? तिथे ‘मुलगी पसंत आहे’ एवढेच. पसंत कोणाला, तर पाहायला आलेल्यांना.

या गोंधळात ‘लव्ह’ शब्दाचे आणखी एक रूप गेल्या काही वर्षांत चालवले गेले, ते म्हणजे ‘लव्ह जिहाद’. पोरांनी जवळीक साधण्यासाठी घेतलेला शब्द राजकारणाने पाळत ठेवण्यासाठी घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह करणाऱ्यांची माहिती गोळा करणारी समिती नेमली. ओरड झाल्यावर आंतरजातीय शब्द काढला, आंतरधर्मीय ठेवला. याउलट अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने शक्तिवाहिनी प्रकरणात २७ मार्च २०१८ रोजी सांगितले होते. आपल्या जिल्ह्यातला कक्ष कुठे आहे, त्याचा फोन नंबर काय, हे किती शाखांच्या फलकावर लिहिलेले आहे? तो लिहायला कोणाची परवानगी लागत नाही.

मग पळून जाणारे कुठे जातात? पुणे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे : आळंदी. केंदूरहून ती लांब नाही. तिथल्या मंगल कार्यालयांत वैदिक पद्धतीने झटपट लग्ने लागतात आणि जातीबाहेर प्रेम केलेली जोडपी मंत्रांच्या आसऱ्याला जातात. आमची पोरेही जातात. त्यांना दोष देण्यापूर्वी दुसरा रस्ता पाहावा. १९५४ चा विशेष विवाह कायदा हा आमचा रस्ता. त्यात ना भट ना मंत्र. पण विवाह अधिकाऱ्याला आधी नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीच्या नमुन्यात नाव, वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, अविवाहित की विधुर की घटस्फोटित, एवढेच विचारतात. जातीचा रकाना नाही. तो कागद मात्र कचेरीच्या फलकावर तीस दिवस लावून ठेवतात, पत्त्यासकट, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही वाचावा असा.