पर्जन्यजलाच्या गुणवत्तेचे सनियंत्रण आणि नियमपालनासाठी आकडेवारीचे विश्लेषण

प्रस्तावना :

२६ जुलै २००५ रोजी मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर पर्जन्यजल वाहिन्यांची चर्चा प्रामुख्याने पाण्याच्या प्रमाणाभोवती फिरत राहिली. परंतु रस्ते, छपरे, वाहनतळ आणि कारखान्यांची आवारे धुऊन निघालेले हे पाणी सोबत माती, तेल, जड धातू व रसायने घेऊन बहुधा कोणत्याही प्रक्रियेविना नदी-खाडीला मिळते. हे पाणी किती दूषित आहे, हे ठरवण्याची शास्त्रीय पद्धत कोणती आणि त्या मापनावरून नियमपालनाचा निर्णय कसा घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. या क्षेत्रातील नियमांची बांधणी अमेरिकेत तपशिलाने झालेली असल्यामुळे तेथील व्यवस्था आधारभूत मानली आहे.

नियमांची पार्श्वभूमी :

अमेरिकेतील स्वच्छ जल कायदा १९७२ चा. त्याचा प्रारंभीचा भर कारखान्यांचे सांडपाणी व शहरांचे मैलापाणी यांवर होता. पुढे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने २८ ठिकाणी केलेल्या नागरी अपवाहाच्या अभ्यासाचा अहवाल १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पावसाचे पाणी हेही प्रदूषणाचे स्वतंत्र साधन आहे, हे स्पष्ट झाले. १९८७ च्या दुरुस्तीने पर्जन्यजल परवाना पद्धतीत आले. १९९० च्या नियमांनी मोठी शहरे व उद्योग, तर १९९९ च्या नियमांनी लहान शहरे आणि लहान बांधकामस्थळे तिच्या कक्षेत आणली.

उद्योगांसाठीच्या २०२१ च्या सर्वसाधारण परवान्यात काही घटकांसाठी निर्देशक मूल्ये दिली आहेत. उदाहरणार्थ, निलंबित घनपदार्थांसाठी १०० मि.ग्रॅ. प्रति लिटर व रासायनिक ऑक्सिजन मागणीसाठी १२० मि.ग्रॅ. प्रति लिटर. येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. निर्देशक मूल्य ओलांडणे हा स्वतःच परवान्याचा भंग नव्हे. ओलांडल्यानंतर विहित उपाय न करणे हा भंग होय. हे उपाय तीन पायऱ्यांनी कडक होत जातात व अखेरच्या पायरीवर कायमस्वरूपी बांधीव व्यवस्था अपेक्षित असते.

नमुना घेण्याची पद्धत :

कोरड्या काळात साचलेली घाण पावसाच्या आरंभी एकदम वाहून येते. यास प्रथम धाव असे म्हणता येईल. म्हणून पाणी वाहू लागल्यापासून पहिल्या ३० मिनिटांत नमुना घ्यावा आणि आधीच्या वाहत्या पावसानंतर किमान ७२ तासांचे अंतर असावे, असा दंडक आहे. ३० मिनिटांत नमुना घेणे शक्य न झाल्यास तो शक्य तितक्या लवकर घेऊन विलंबाचे कारण नोंदवावे लागते.

नमुना घेतल्यानंतरची हाताळणीही तितकीच महत्त्वाची आहे. सामू १५ मिनिटांच्या आत, म्हणजे जागेवरच मोजावा लागतो. निलंबित घनपदार्थांचा नमुना थंड ठेवून सात दिवसांच्या आत तपासावा लागतो. तेल व ग्रीस बाटलीच्या आतील बाजूस चिकटते. त्यामुळे नमुना काचेच्या बाटलीत थेट घ्यावा, एका भांड्यातून दुसऱ्यात ओतू नये. दुबार नमुना व कोरा नमुना नसल्यास दूषण पाण्यातील की बाटलीतील, हे सांगता येत नाही.

आकडेवारीचे विश्लेषण :

एकाच पावसात पाण्याची गुणवत्ता सतत बदलते. समजा, एका पावसात प्रथम २० घनमीटर पाणी ४०० मि.ग्रॅ., नंतर ६० घनमीटर १५० मि.ग्रॅ. आणि शेवटी १२० घनमीटर ५० मि.ग्रॅ. प्रति लिटर घनपदार्थांसह वाहिले. तीन आकड्यांची साधी सरासरी २०० येते. परंतु एकूण भार २३ किलोग्रॅम व एकूण पाणी २०० घनमीटर असल्याने त्या पावसाची भारित सरासरी ११५ मि.ग्रॅ. प्रति लिटर ठरते. नदीवर पडणारा भार काढण्यासाठी हाच दुसरा आकडा उपयोगी आहे आणि त्यासाठी नमुन्यासोबत प्रवाहही मोजणे अपरिहार्य आहे.

निर्देशक मूल्याशी तुलना मात्र चार तिमाहींच्या सरासरीने होते. ६०, ९०, १८० व ५० या नोंदींची सरासरी ९५ येते. तिसरी नोंद मोठी असूनही १०० ची मर्यादा ओलांडली जात नाही. याउलट पहिलीच नोंद ४१० असेल, तर उरलेल्या तिन्ही नोंदी शून्य आल्या तरी सरासरी १०० च्या वर राहते. अशा वेळी वर्ष संपण्याची वाट न पाहता उपाययोजना सुरू करावी लागते.

पर्जन्यजलाच्या नोंदी बहुधा लॉग-प्रसामान्य वितरणाच्या असतात. बहुतेक लहान व थोड्या फार मोठ्या. म्हणून स्थळांची तुलना करताना मध्यक अथवा गुणोत्तर मध्य अधिक विश्वसनीय ठरतो. तसेच ‘आढळले नाही’ या नोंदीचा अर्थ शून्य नव्हे, तर शोधमर्यादेपेक्षा कमी असा आहे. तेथे सरसकट शून्य भरल्यास सरासरी खोटी उतरते.

महाराष्ट्राच्या संदर्भात :

भारतात जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९७४ पासून आहे. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार अंतर्गत भूपृष्ठजलात सोडावयाच्या निस्सारणात निलंबित घनपदार्थ १०० व रासायनिक ऑक्सिजन मागणी २५० मि.ग्रॅ. प्रति लिटरपेक्षा अधिक नसावी. सेंद्रिय रसायनांसारख्या काही उद्योगांच्या मानकांत पर्जन्यजल सांडपाण्यात मिसळू न देता स्वतंत्र नाल्याने, अस्तर लावलेल्या खड्ड्यातून नेण्याची अट आहे. त्या खड्ड्याची क्षमता दहा मिनिटांच्या पावसाइतकी असावी लागते. या अटीमागेही प्रथम धावेचाच विचार दिसतो.

तथापि ७२ तासांचा दंडक येथे जसाच्या तसा लागू करणे कठीण आहे. कोकणात जुलैमध्ये सलग तीन कोरडे दिवस क्वचितच मिळतात. अमेरिकी परवान्यातही, स्थानिक पावसात कमी अंतर प्रातिनिधिक असल्याचे दाखवल्यास ही अट शिथिल होते. चार तिमाहींऐवजी जूनचा पहिला पाऊस, भर पावसाळा आणि परतीचा पाऊस असे नमुने घेणे येथील हवामानास अधिक सुसंगत ठरेल. केवळ ऑगस्टमध्ये घेतलेला नमुना आठ महिन्यांची साचलेली घाण वाहून गेल्यानंतरचा असतो. तो कागदावर निर्दोष ठरतो; जूनमध्ये खाडीत गेलेले विष मात्र नोंदीत येत नाही.

निष्कर्ष :

नियमपालनाचा निर्णय प्रयोगशाळेतील आकड्यावर जितका अवलंबून आहे, तितकाच नमुना कोणत्या पावसाचा, किती वाजताचा आणि कोणत्या जागेचा यावर अवलंबून आहे. चुकीच्या वेळी घेतलेला नमुना दोषी आवारास निर्दोष आणि स्वच्छ आवारास दोषी ठरवू शकतो. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत पावसाचे प्रमाण, आधीचा कोरडा काळ, प्रवाह व वेळ नोंदवणे बंधनकारक असावे. अशा नोंदींखेरीज कोणतेही मानक केवळ कागदावरच राहील.