वीस मिनिटांत एक बस

खानापूर तालुक्यातलं जांबोटी हे तीन रस्त्यांचं गाव. एक रस्ता बेळगावहून पिरनवाडी, किणये, कुसमळी करत येतो, दुसरा खानापूरहून. तिसरा कणकुंबीवरून, मलप्रभेच्या उगमाशेजारून, चोर्ला घाट उतरून गोव्यात जातो. कॉलेज, तालुका कचेरी, मोठा दवाखाना, सगळं या रस्त्यांच्या टोकांना. त्यामुळे बसचा विषय निघाला की मागणी ठरलेली: फेऱ्या वाढवा. मागणी रास्तच आहे. पण फेरी वाढवायला दर वेळी नवी बस लागते असं नाही.

समजा, एखाद्या मार्गावर जायला ५० मिनिटं, यायला ५० आणि दोन्ही टोकांना मिळून ४० मिनिटांचा थांबा आणि खोळंबा आहे. म्हणजे बस १४० मिनिटांनी पुन्हा मूळ जागी येते. अशा मार्गावर दर तासाला बस सोडायची तर तीन बस लागतात. आता टोकांवरची वीस मिनिटं वाचवली, की चक्कर १२० मिनिटांत पुरी होते आणि त्याच वेळापत्रकाला दोन बस पुरतात. तिसरी बस कणकुंबीकडे पाठवता येते. डिझेल आणि कर्मचारी लागतीलच, पण नव्या गाडीची वाट पाहावी लागणार नाही.

ही मिनिटं जातात कुठे? काही शहरातून बाहेर पडताना, काही स्टँडवर, आणि बरीचशी तिकिटांत. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत राज्यातल्या महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास आहे. पैसे नसले तरी तिकीट असतंच: कंडक्टरने ओळखपत्र पाहून शून्य रकमेचं तिकीट द्यायचं. बायाबापड्यांना या योजनेने घराबाहेर काढलं, हे तिचं मोठं यश. मात्र खच्चून भरलेल्या बसमध्ये एकट्या कंडक्टरला सगळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागतो, आणि तिकिटं पुरी होईपर्यंत गाडी बाजूला उभी राहते. गर्दीच्या वेळी स्टँडवरच, बस लागण्याआधी तिकिटं देऊन झाली, तर हा वेळ जवळजवळ पूर्ण वाचतो. आंतरराज्य बसना मात्र ही सवलत नाही. म्हणून गोव्याची गाडी समोरून गेली, तरी जांबोटीच्या बाईला साध्या बसचीच वाट पाहावी लागते.

काही ठिकाणी उलट करायला हवं, मिनिटं वाढवायला हवीत. जांबोटी ते कणकुंबी हा सह्याद्रीच्या मुसळधार पावसाचा पट्टा. जूनपासून धुकं, खड्डे, पडलेली झाडं. उन्हाळ्यातल्या वेगावर बेतलेली वेळ पावसात पाळणं शक्यच नसतं. कोकण रेल्वे दर वर्षी पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक लावते, गाड्यांचा वेग कमी धरते. घाटमाथ्याच्या बसलाही तसंच हवं. दहा मिनिटं उशिराची पण खरी वेळ कागदावर असली, तर माणूस त्या हिशेबाने घरातून निघतो.

तिसरा मुद्दा मोजमापाचा. इथल्या बस वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाच्या. फेरीची कामगिरी ठरते ती प्रति किलोमीटर उत्पन्नावर. या मापात संध्याकाळची शेवटची बस नेहमीच नापास होते. जाताना अर्धी भरलेली, येताना रिकामी. मग ती बंद होते. पण परतीची खात्री नसेल तर बेळगावला शिकणारी मुलगी सकाळच्या बसलाही चढत नाही. घरचे तिला शहरात खोली घेऊन देतात, नाहीतर कॉलेजच सोडवतात. शेवटची फेरी काढली की पहिलीचेही प्रवासी आटतात, आणि पुढच्या वर्षी तीही 'तोट्यात' दिसते. म्हणून हिशेब एकेका फेरीचा नको, दिवसभराच्या मार्गाचा हवा. गावात रात्री मुक्काम करून पहाटे निघणारी वस्तीची बस हे जुनं शहाणपण इथेच कामी येतं. संध्याकाळी माणसं घरी पोचतात, आणि बसला डेपोपर्यंतचा रिकामा हेलपाटा वाचतो. त्यासाठी ग्रामपंचायतीने ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला कोरडी खोली आणि स्वच्छतागृह दिलं पाहिजे.

शेवटचं काम तिठ्यावरचं. स्वित्झर्लंडने १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराने, दर तासाच्या त्याच मिनिटाला गाडी सोडण्याची पद्धत आणली. पुढे वेळापत्रक आखताना मुख्य भर राहिला तो गाड्या जंक्शनवर एकाच सुमारास पोचवण्यावर, म्हणजे उतारूला बदली गाडी लगेच मिळावी. डोंगरातल्या बसही या गाड्यांशी जुळवलेल्या असतात. जांबोटीत हे करायला ना रूळ लागतात, ना कोट्यवधींचं स्टँड. बेळगाव, खानापूर आणि कणकुंबीच्या बस दिवसातून चार-पाच वेळा दहा मिनिटांसाठी एकत्र उभ्या राहिल्या, की कणकुंबीच्या माणसाला जांबोटीत बस बदलून बेळगाव किंवा खानापूर, हवं ते गाठता येतं. भीमगडच्या जंगलातल्या आमगाव, गवाळीसारख्या गावांची माणसं मुळात फाट्यापर्यंत चालत येतात. त्यांच्यासाठी हुकलेली बस म्हणजे अख्खा दिवस बुडाला.

यातलं बहुतेक सारं डेपोच्या अधिकारात बसणारं आहे. शाळा-कॉलेजं उघडण्याआधी डेपो मॅनेजर, मुख्याध्यापक, प्राचार्य आणि पंचायतीची माणसं एकदा समोरासमोर बसली, घंटेच्या वेळा बसच्या वेळांशी ताडून पाहिल्या आणि ठरलेल्या वेळा कन्नड-मराठीत फलकावर लावल्या, तरी निम्मा प्रश्न सुटेल. उरलेल्या निम्म्यासाठी नव्या बस जरूर मागाव्यात. तेव्हा त्या कुठल्या फेरीला, किती वाजता हव्यात, हेही निवेदनात लिहिता येईल.